सायप्रस: एका टक्क्याचा फरक आणि अडलेला करार

११ जानेवारी २०१७ रोजी जिनिव्हात १९७४ पासून दुभंगलेल्या सायप्रसच्या ग्रीक आणि तुर्की सायप्रियट या दोन समाजांच्या नेत्यांनी एकमेकांना नकाशे दाखवले. बेट पुन्हा एक झालं तर आतली सीमा कुठून जावी, हे दोन्ही बाजूंनी कागदावर काढून समोर ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती. ग्रीक सायप्रियट नकाशात तुर्की सायप्रियट घटक राज्याला २८.२ टक्के जमीन होती, तुर्की सायप्रियट नकाशात २९.२ टक्के. बेटाचं क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे वाद उरला होता नव्वदेक चौरस किलोमीटरचा. तुर्की बाजूच्या ताब्यात आज ३६ टक्क्यांच्या आसपास बेट आहे. त्यातला सुमारे सात टक्के भाग सोडायला ती कागदावर तयार झाली होती. तरीही त्याच वर्षी ७ जुलैच्या पहाटे स्वित्झर्लंडमधल्या क्रान्स-मोंतानाच्या परिषदेतून सगळे हात हलवत परतले. त्यानंतरची आठ वर्षं पूर्ण स्वरूपाच्या वाटाघाटींविना गेली.

इतकं जवळ येऊन करार का होत नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. आमच्या मते मुद्द्यांमधलं अंतर आता फारसं मोठं नाही. घोडं अडतं ते दोन ठिकाणी. आधी कोणी सोडायचं, हे एक. आणि करार मोडला तर कोणाचं काय बिघडतं, हे दुसरं. यातलं दुसरं जास्त निर्णायक आहे, आणि पन्नास वर्षांच्या शिष्टाईत त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेलं आहे.

तीन वर्षं चाललेली राज्यघटना

१६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस ब्रिटनपासून स्वतंत्र झाला तेव्हा लोकसंख्येत ग्रीक सायप्रियट सुमारे ७८ टक्के आणि तुर्की सायप्रियट सुमारे १८ टक्के होते. उरलेल्यांत मॅरोनाइट, आर्मेनियन आणि लॅटिन हे छोटे ख्रिस्ती समाज. ग्रीक सायप्रियटांनी १९५५ पासून जो सशस्त्र लढा दिला त्याचं ध्येय वेगळं राष्ट्र हे नव्हतं. त्यांना ग्रीसमध्ये विलीनीकरण हवं होतं, ज्याला ते ‘एनोसिस’ म्हणत. त्याला उत्तर म्हणून तुर्की सायप्रियटांनी ‘तकसीम’ मागितली. मराठी दप्तरांत वतनाच्या वाटणीसाठी येणारी तक्षीम ती हीच. १९५९ च्या झुरिक आणि लंडन करारांनी दोन्ही मागण्या बाद ठरवल्या आणि कोणीच मनापासून न मागितलेलं प्रजासत्ताक जन्माला आलं.

घटनेतली वाटणी अशी होती: राष्ट्राध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्की, परराष्ट्र, संरक्षण आणि सुरक्षेच्या निर्णयांवर दोघांनाही नकाराधिकार. मंत्रिमंडळात सात ग्रीक, तीन तुर्की. प्रतिनिधिगृहात पन्नासपैकी ३५ आणि १५. सरकारी नोकऱ्यांत ७०:३०, दोन हजारांच्या सैन्यात ६०:४०. कर, निवडणूक आणि नगरपालिकांविषयीचे कायदे मंजूर व्हायला दोन्ही गटांचं वेगवेगळं बहुमत लागे. पाच मोठ्या शहरांत दोन समाजांच्या वेगळ्या नगरपालिका असाव्यात, हेही घटनेतच लिहिलं होतं.

बिघडलं ते या तपशिलांतूनच. नोकऱ्यांतलं प्रमाण किती वेगाने गाठायचं यावर वाद झाला, तेव्हा तुर्की प्रतिनिधींनी कराचा कायदा अडवला. सैन्याच्या तुकड्या मिश्र असाव्यात असं ग्रीक मंत्र्यांचं म्हणणं, तर उपाध्यक्ष फाझिल क्युचुक यांनी १९६१ मध्ये नकाराधिकार वापरला. ते सैन्य उभंच राहिलं नाही. वेगळ्या नगरपालिकांचा कायदा कधी नीट झाला नाही. अडवण्याचा अधिकार सगळीकडे पेरला होता, अडलेलं मोकळं करायला मात्र तटस्थ परकीय अध्यक्ष असलेलं घटना न्यायालय एवढी एकच वाट होती, आणि त्याचे जर्मन अध्यक्ष १९६३ मध्ये राजीनामा देऊन गेले. पुढच्या प्रत्येक मसुद्यात ‘कोंडी फोडण्याची यंत्रणा’ हे प्रकरण इतकं लांबलचक का असतं, याचं कारण इथे आहे.

३० नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांनी घटनेत तेरा बदल सुचवले. तुर्की सायप्रियटांच्या संरक्षणाची बहुतेक कलमं त्यांत गळत होती. २१ डिसेंबरला निकोसियात गोळीबार सुरू झाला. ३० डिसेंबरला ब्रिटिश जनरल पीटर यंग यांनी शहराच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने युद्धबंदीची रेघ मारली. ती ‘ग्रीन लाइन’. तुर्की सायप्रियट सरकारमधून बाहेर पडले, किंवा त्यांना बाहेर काढलं गेलं. कोणता शब्द वापरायचा यावर आजही एकमत नाही. सुमारे २५ हजार तुर्की सायप्रियट आपली गावं सोडून बंदिस्त वस्त्यांत दाटीवाटीने राहू लागले. पुढे प्रतिनिधिगृह ८० जागांचं झालं. त्यातल्या तुर्की सायप्रियटांच्या २४ जागा आजवर रिकाम्या आहेत.

४ मार्च १९६४ च्या ठराव १८६ ने संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिचे पहिले सेनापती भारताचे जनरल प्रेमसिंह ग्यानी. त्यांच्यानंतरचे जनरल थिमय्या डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच वारले, आणि १९७४ च्या युद्धात जनरल प्रेमचंद यांनी निकोसियाचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात ठेवून दाखवला. तो विमानतळ आजही बफर झोनमध्ये ओसाड पडून आहे.

हमी करार आणि १९७४

स्वातंत्र्याबरोबरच एक हमी करार झाला होता. ब्रिटन, ग्रीस आणि तुर्की हे हमीदार. चौथं कलम सांगतं की कराराचा भंग झाला तर तिघांनी सल्लामसलत करावी. एकत्र कृती शक्य नसेल तर पूर्वस्थिती परत आणण्याच्या एकमेव हेतूने प्रत्येकाला कृतीचा हक्क राहील. सोबतच्या मैत्री करारानुसार बेटावर ९५० ग्रीक आणि ६५० तुर्की सैनिक ठेवायची मुभा होती. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत, शेवटपर्यंत ते परत परत येतात.

१५ जुलै १९७४ रोजी अथेन्सच्या लष्करी राजवटीने मकारिओस यांच्याविरुद्ध बंड घडवून आणलं. २० जुलैला तुर्की फौजा कायरीनियाजवळ उतरल्या. पहिल्या कारवाईला अंकाराने चौथ्या कलमाचा आधार दिला. पण बंड काही दिवसांतच कोसळलं, अथेन्सची राजवटही गेली, आणि तरी १४ ऑगस्टला दुसरी चढाई झाली. फामागुस्ता आणि मोर्फू ही शहरं या दुसऱ्या चढाईत गेली. पूर्वस्थिती आणण्याच्या हेतूशी तिचा मेळ बसत नाही. सुमारे १ लाख ६० हजार ग्रीक सायप्रियट दक्षिणेकडे पळाले आणि ४५ हजारांच्या आसपास तुर्की सायप्रियट उत्तरेकडे गेले. पूर्वी गावागावांत मिसळलेली लोकसंख्या दोन वर्षांत दोन सलग पट्ट्यांत विभागली गेली.

आज १८० किलोमीटर लांबीचा बफर झोन बेट कापत जातो. जुन्या निकोसियात तो काही मीटरांची गल्ली आहे, इतर ठिकाणी सात किलोमीटरपर्यंत रुंद. बेटाचा सुमारे तीन टक्के भाग त्यात अडकला आहे. ब्रिटनचे अक्रोतिरी आणि ढेकेलिया हे सार्वभौम तळ २५४ चौरस किलोमीटरचे. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केलं. सुरक्षा परिषदेने ठराव ५४१ ने ते कायदेशीरदृष्ट्या अवैध ठरवलं, आणि तुर्कीशिवाय कोणीही त्याला मान्यता दिलेली नाही.

तोडग्याचा साचा मात्र १९७७ पासून तोच आहे. मकारिओस आणि तुर्की सायप्रियट नेते रऊफ देंक्ताश यांनी त्या वर्षी चार कलमी समझोता केला: दोन समाजांचं संघराज्य. पुढे त्याला ‘द्विविभागी, द्विसमाजी, राजकीय समानता असलेलं’ अशी विशेषणं जोडली गेली. राजकीय समानता म्हणजे संख्येची समानता नव्हे. संघाच्या निर्णयांत दोन्ही समाजांचा परिणामकारक सहभाग, असा सुरक्षा परिषदेचा अर्थ आहे. भांडण ‘परिणामकारक’ या शब्दावर आहे.

२००४: ‘नाही’ची किंमत शून्य

संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या योजनेची पाचवी आवृत्ती २४ एप्रिल २००४ रोजी दोन्हीकडे एकाच दिवशी सार्वमताला टाकली गेली. तुर्की सायप्रियटांपैकी ६४.९ टक्क्यांनी हो म्हटलं, ग्रीक सायप्रियटांपैकी ७५.८ टक्क्यांनी नाही. योजनेत सहा मतदार सदस्यांची अध्यक्षीय परिषद होती, ४८ जणांच्या सिनेटमध्ये दोन्ही बाजूंना २४-२४ जागा होत्या, आणि सर्वोच्च न्यायालयात तीन ग्रीक, तीन तुर्की व तीन परदेशी न्यायाधीश. जमीन सहा टप्प्यांत ४२ महिन्यांत हस्तांतरित होणार होती. ग्रीक आणि तुर्की सैन्य २०११ पर्यंत प्रत्येकी सहा हजारांवर, २०१८ पर्यंत तीन हजारांवर, आणि शेवटी त्याच ९५० आणि ६५० वर यायचं होतं. हमी करार राहणार होता.

ग्रीक सायप्रियट मतदाराला यात काय दिसलं, ते समजून घ्यायला हवं. त्याने सोडायचं ते पहिल्या दिवशी: मान्यताप्राप्त प्रजासत्ताक विसर्जित होऊन नवं राज्य सुरू. त्याला मिळायचं ते पुढच्या सात, दहा, चौदा वर्षांत, तुर्की शब्द पाळील या भरवशावर. राष्ट्राध्यक्ष तासोस पापादोपुलोस यांनी ७ एप्रिलच्या दूरदर्शन भाषणात नेमका हाच मुद्दा पकडला.

यापेक्षा मोठी चूक आधीच होऊन गेली होती. डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकीत युरोपीय संघाने ठरवलं की सायप्रसच्या प्रवेशासाठी तोडगा ही पूर्वअट राहणार नाही. देंक्ताश यांचा आडमुठेपणा पाहता ते तेव्हा समजण्यासारखं होतं. पण परिणाम असा झाला की सार्वमतानंतर आठवड्याभरात, १ मे २००४ रोजी, ‘नाही’ म्हणणारी बाजू संघाची सदस्य झाली. ‘हो’ म्हणणाऱ्या बाजूला एकाकीपणा संपवण्याचं वचन मिळालं. त्यातली आर्थिक मदत आली, पण थेट व्यापाराचा नियम ब्रुसेल्समध्ये अडकला तो अडकलाच. एका मतदानात दोन्ही समाजांना धडा मिळाला: नकाराने काही जात नाही, होकाराने काही येत नाही. पुढच्या वीस वर्षांवर त्याची सावली आहे.

क्रान्स-मोंताना: काय ठरलं होतं आणि काय नाही

११ फेब्रुवारी २०१४ च्या संयुक्त निवेदनाने नवी फेरी सुरू झाली. एप्रिल २०१५ मध्ये उत्तरेत मुस्तफा अकिंजी निवडून आले. समोर राष्ट्राध्यक्ष निकोस अनास्तासियादिस, ज्यांनी २००४ मध्ये लोकप्रवाहाविरुद्ध ‘हो’ला पाठिंबा दिला होता. दोघंही लिमासोल परिसरातले. यापेक्षा अनुकूल जोडी बेटाला त्याआधी मिळाली नव्हती.

वाटाघाटी सहा विषयांत चालतात: शासन व सत्तावाटप, युरोपीय संघ, अर्थव्यवस्था, मालमत्ता, भूभाग, आणि सुरक्षा व हमी. पहिल्या तिनांत बहुतेक मजकूर जुळत आला होता. भूभागातला एक टक्का दिसतो तेवढा सोपा नव्हता, कारण टक्क्यांपेक्षा गाव महत्त्वाचं होतं. ग्रीक सायप्रियट नकाशात मोर्फू परत येत होतं, तुर्की सायप्रियट नकाशात नव्हतं. मोर्फू म्हणजे संत्र्या-लिंबांच्या बागा आणि भूजलाचा मोठा साठा. तिथून गेलेले हजारो ग्रीक सायप्रियट करार झाल्यास मतदार असतील; आणि तिथे आज राहणारे तुर्की सायप्रियट, ज्यांतले अनेक १९७४ मध्ये दक्षिणेतून विस्थापित होऊन आले, तेही मतदार असतील. एकाच विस्थापिताला दुसऱ्यांदा उठवावं लागणार, हे नेत्यांना माहीत होतं आणि बोलवत नव्हतं.

मध्येच फेब्रुवारी २०१७ मध्ये दक्षिणेच्या प्रतिनिधिगृहाने १९५० च्या एनोसिस कौलाचं स्मरण शाळांत करावं, अशी दुरुस्ती मंजूर केली. तुर्की सायप्रियट बाजू उठून गेली. ती चूक निस्तरेपर्यंत एप्रिल उजाडला. दोन महिन्यांचा हा खंड किरकोळ वाटतो, पण २०१८ च्या सुरुवातीला दक्षिणेत निवडणूक होती आणि जुलैमध्ये समुद्रातल्या अकराव्या खंडात वायूसाठी विंधन सुरू व्हायचं होतं. वेळ मोजकी होती.

३० जून २०१७ रोजी क्रान्स-मोंतानात संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुतेरेस यांनी सहा मुद्द्यांची चौकट मांडली. सार असं: एकतर्फी हस्तक्षेपाचा हक्क टिकणार नाही, त्याजागी आंतरराष्ट्रीय देखरेखीची नवी व्यवस्था. सैन्य झपाट्याने कमी होऊन १९६० च्या आकड्यांवर, म्हणजे ९५० आणि ६५० वर यावं. ते शेवटी पूर्ण जावं की ठरावीक काळाने आढावा घ्यावा, हे हमीदार देशांच्या पंतप्रधानांच्या पातळीवर ठरावं. भूभागात तुर्की सायप्रियटांनी मोर्फूसारख्या भागांबाबत ग्रीक सायप्रियटांची चिंता दूर करावी. अध्यक्षपद आळीपाळीने, २:१ या प्रमाणात. संघराज्याच्या संस्थांतल्या निर्णयांना तुर्की सायप्रियटांचं किमान एक अनुकूल मत.

म्हणजे सौदा उघड होता. ग्रीक सायप्रियटांनी फिरतं अध्यक्षपद आणि एक मत द्यायचं. तुर्की बाजूने मोर्फू, हस्तक्षेपाचा हक्क आणि सैन्य सोडायचं. पण दोन्ही देणी दोन वेगळ्या टेबलांवर होती, आणि सैन्याचा शेवटचा शब्द अकिंजींच्या हातात नव्हता, अंकाराच्या हातात होता. ग्रीक सायप्रियट ‘शून्य सैनिक, शून्य हमी’ ऐकल्याशिवाय अध्यक्षपदावर पक्कं बोलेनात. तुर्की बाजू अध्यक्षपद मिळाल्याचं ऐकल्याशिवाय सैन्याबाबत लेखी देईना. ६ जुलैच्या रात्रीच्या जेवणावर शेवटची चर्चा झाली. तिथे तुर्कीने नेमकं काय देऊ केलं, यावर दोन्ही बाजूंच्या हकिकती जुळत नाहीत. तोंडी देणं आणि लेखी मागणं यांच्या फटीत करार गेला. इतक्या मोठ्या परिषदेत सगळे मुद्दे एकाच सीलबंद कागदावर, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी देण्याची पद्धत का ठेवली नाही, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला सापडलेलं नाही.

जमिनीचा गुंता

राजकारण्यांच्या तोंडी अध्यक्षपद असतं, पण घरोघरचा प्रश्न जमिनीचा आहे. उत्तरेतल्या खासगी जमिनीचा मोठा भाग १९७४ पूर्वी ग्रीक सायप्रियटांच्या नावावर होता. आज तिथे ढोबळमानाने तीन प्रकारचे उतारे आहेत. पहिला, १९७४ पूर्वीपासूनचा तुर्की सायप्रियट किंवा परकीय मालकीचा: निर्वेध, म्हणून सर्वांत महाग. दुसरा, ‘एशदेयर’ म्हणजे समतुल्य: दक्षिणेत जमीन सोडून आलेल्याला तिच्या किमतीचे गुण मिळाले, आणि त्या गुणांवर उत्तरेतली ग्रीक सायप्रियट जमीन. तिसरा, ‘तहसिस’ म्हणजे वाटप: तुर्कीतून वसवलेल्यांना किंवा इतरांना बदल्यात काही न सोडता दिलेली जमीन. करारात या तिघांना एकच न्याय लावता येत नाही. एशदेयरवाल्याने दक्षिणेत खरोखर काही गमावलं आहे, तहसिसवाल्याने नाही. दक्षिणेत तुर्की सायप्रियटांच्या जमिनी गृहमंत्री पालक म्हणून सांभाळतो, आणि तिथेही विस्थापितांची घरं, रस्ते, शाळा उभ्या आहेत.

अन्नान योजनेचं सूत्र असं होतं: जो भाग हस्तांतरित होणार नाही तिथल्या मूळ मालकाला त्याच्या मालमत्तेच्या एक तृतीयांश क्षेत्राचा व मूल्याचा ताबा परत, बाकीच्यासाठी भरपाई, शिवाय स्वतः बांधलेलं किंवा दहा वर्षं राहिलेलं घर आणि लगतची एक दोनुम जमीन. एक दोनुम म्हणजे १,३३८ चौरस मीटर, आपल्याकडचे साधारण तेरा गुंठे. भरपाईचे पैसे रोख नसून रोख्यांत मिळणार होते, आणि त्या रोख्यांमागे पुरेसा पैसा नाही हे मतदाराला कळत होतं.

दरम्यान न्यायालयांनी वाट वळवली. लोइझिदू खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ मध्ये ठरवलं की कायरीनियाची जमीन मूळ मालकिणीचीच आहे आणि तिला तिथे जाऊ न देण्याला तुर्की जबाबदार आहे. पुढे २००६ मध्ये उत्तरेत स्थावर मालमत्ता आयोग सुरू झाला, जो परतावा, अदलाबदल किंवा भरपाई देऊ शकतो. २०१० च्या देमोपुलोस निर्णयात त्याच न्यायालयाने हा आयोग परिणामकारक उपाय मानला, आणि इतक्या वर्षांनी आज राहणाऱ्यांच्या हक्कांचाही विचार करावा लागेल असं सांगितलं. आयोगापुढे हजारो अर्ज आले. बहुतेक निकाल रोख भरपाईचे, आणि निकालानंतरही पैसे वर्षानुवर्षं मिळत नाहीत. प्रत्येक भरपाईबरोबर एक जमीन करारातून बाहेर जाते. त्यात गेल्या काही वर्षांत इस्केले आणि कायरीनियाच्या किनाऱ्यावर परदेशी ग्राहकांसाठी इमारती झपाट्याने उठल्या. २०२४ पासून दक्षिणेतल्या सायप्रस प्रजासत्ताकाने अशा जमिनींवर घरं विकणाऱ्यांना अटक करायला सुरुवात केली. कायद्याने ते बरोबर आहे. पण त्या अटकांनी सामान्य तुर्की सायप्रियटालाही धास्ती बसली आहे की उद्या आपल्या एशदेयर घरावरून आपल्यालाही दक्षिणेत जाताना नाक्यावर अडवतील.

मालमत्तेचा प्रश्न वाट पाहत नाही. बाकीचे पाच विषय दहा वर्षांनी उघडले तरी तसेच सापडतील, हा एक दरवर्षी आक्रसत जातो.

जे चालतं ते का चालतं

१९७४ ची रेषा पडली तेव्हा निकोसियाच्या सांडपाण्याची योजना अर्धवट होती. नळ्या दोन्हीकडे, शुद्धीकरण केंद्राची जागा उत्तरेत. दक्षिणेचे महापौर लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे महापौर मुस्तफा अकिंजी (पुढे क्रान्स-मोंतानात बसले ते हेच) यांनी १९७८ मध्ये ठरवलं की मैला सीमा ओळखत नाही. मान्यतेचा प्रश्न त्यांनी टाळला: एकमेकांच्या पदाचा उल्लेख नाही, करारावर सरकारांच्या सह्या नाहीत, दोन शहरांचे अभियंते आणि संयुक्त राष्ट्रांचा आधार. हास्पोलातचं, म्हणजे ग्रीक नावाने मिया मिलियाचं ते केंद्र चालू राहिलं आणि पुढे तिथे दोघांच्या सहभागाने, युरोपीय संघाच्या मदतीने नवं मोठं केंद्र उभं राहिलं.

बेपत्ता व्यक्तींच्या समितीचंही असंच. यादीत १,५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट. समिती १९८१ मध्ये स्थापन झाली तेव्हाच ती मृत्यूचं कारण आणि जबाबदारी ठरवणार नाही हे मान्य झालं होतं, पण उत्खनन प्रत्यक्षात २००६ नंतर सुरू झालं. दोन्ही समाजांचे तरुण शास्त्रज्ञ एकाच प्रयोगशाळेत हाडं जुळवतात. हजाराहून अधिक जणांची ओळख पटून अवशेष घरच्यांना मिळाले. न्यायाची मागणी बाजूला ठेवणं ही फार मोठी किंमत आहे, ती कुटुंबांनी मोजली.

२३ एप्रिल २००३ रोजी उत्तरेने अचानक नाके उघडले आणि लोक जुनी घरं पाहायला रांगा लावून गेले. रक्तपात झाला नाही. ‘हे दोन समाज एकत्र आले की मारामाऱ्या होतील’ हा दावा त्या दिवशी खोटा पडला. आज नऊ नाके आहेत.

पुढची शक्यता

ऑक्टोबर २०२० मध्ये उत्तरेत एर्सिन तातार निवडून आले आणि सार्वभौम समानता, म्हणजे दोन राज्यं, ही अधिकृत भूमिका झाली. त्याच महिन्यात वरोशाचा, म्हणजे फामागुस्ताच्या १९७४ पासून बंद पडलेल्या उपनगराचा, काही भाग उघडला गेला, जो ठराव ५५० नुसार मूळ रहिवाशांसाठी संयुक्त राष्ट्रांकडे जायला हवा होता. दोन राज्यांचा रस्ता कुठेच जात नाही: सुरक्षा परिषद आपले ठराव फिरवणार नाही, आणि संपूर्ण बेट कायद्याने युरोपीय संघात असल्याने निकोसियाच्या संमतीशिवाय ब्रुसेल्सही हलणार नाही. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी तुर्की सायप्रियट मतदारांनी सुमारे ६३ टक्के मतांनी तुफान एर्हुर्मान यांना निवडलं. ते संघराज्यवादी आहेत. नोव्हेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्ष निकोस ख्रिस्तोदुलिदिस यांना भेटले.

एर्हुर्मान चार अटी ठेवतात: राजकीय समानता व फिरतं अध्यक्षपद आधी मान्य व्हावं, वाटाघाटींना मुदत असावी, आजवरची एकमतं पुन्हा उघडू नयेत, आणि ग्रीक सायप्रियट बाजू उठून गेली तर तुर्की सायप्रियटांनी जुन्याच स्थितीत परतू नये. चौथी अट दुखण्यावर बोट ठेवते. ग्रीक सायप्रियटांचा आक्षेपही खरा आहे: अपयशाचं बक्षीस आधी जाहीर केलं तर दुसऱ्या बाजूला यशाची गरज उरत नाही.

आमच्या मते ही अट दोन्ही बाजूंना लागू करावी. ग्रीक सायप्रियटांनी मसुदा नाकारला तर फामागुस्ता बंदरातून युरोपीय संघाशी थेट व्यापार सुरू व्हावा. तुर्की बाजूने नाकारला तर वरोशा संयुक्त राष्ट्रांकडे जावं आणि तुर्कीच्या युरोपीय संघाशी असलेल्या सीमाशुल्क करारातली सुधारणा थांबावी. हे आधी लिहून ब्रुसेल्स आणि सुरक्षा परिषदेने त्यावर शिक्का मारावा. मग सैन्य, अध्यक्षपद आणि मोर्फू हे तीन मुद्दे एकाच दिवशी, एकाच सीलबंद कागदावर. त्याआधी तहसिस आणि एशदेयर जमिनींवरच्या नव्या बांधकामाला स्थगिती, कारण तोवर जमीन उरली पाहिजे. भरपाईचा निधी सार्वमताआधी जमलेला असावा, रोख्यांचं आश्वासन पुन्हा चालणार नाही.

अडथळा अंकाराचा आहे. तिथे अजून दोन राज्यांची भाषा सोडलेली नाही, आणि ३० हजारांहून अधिक सैनिक, लिरा, तसंच २०१५ पासून समुद्राखालच्या ८० किलोमीटर नळीने येणारं पाणी यांमुळे उत्तरेचा नेता एकट्याने काही ठरवू शकत नाही. तेव्हा नजीकच्या काळात पूर्ण करार होईल असं आम्ही म्हणणार नाही. पण २०२० नंतर प्रथमच दोन्हीकडचे नेते एकाच साच्याबद्दल बोलत आहेत, आणि हे क्षुल्लक नाही.

कसोटी लहान आहे आणि समोरच आहे. मार्च २०२५ मध्ये जिनिव्हात नवे चार नाके उघडायचं ठरलं. तुर्की सायप्रियटांना मिया मिलिया आणि लुरुजिना हवेत, ग्रीक सायप्रियटांना अथिएनूहून जाणारा रस्ता आणि कोकिनातून वाट. प्रत्येक जण दुसऱ्याच्या नाक्याला लष्करी कारण काढतो. मिया मिलियाचा नाका उघडला तर निकोसियाच्या पूर्वेकडच्या कामगारांचा आणि मालमोटारींचा मेतेहान नाक्यावरचा खोळंबा कमी होईल. सैन्य, अध्यक्षपद आणि मोर्फू यांचा विषय निघण्याआधी पाहायचं ते एवढंच: या चारांपैकी दोन नाके, प्रत्येक बाजूचा एक, एकाच सकाळी उघडतात का.